सौजन्याचा आकडा

गेल्या वर्षीच्या भाद्रपदातली गोष्ट. घरच्या संगणकावर मी लेख लिहायला बसलो होतो. पण कळ दाबली तरी अक्षर पडद्यावर उमटेना! पुतण्याने त्याच संगणकाला लग्नाची लांबलचक चित्रफीत आटोपशीर करण्याच्या कामाला जुंपले होते. माझी कुरकूर ऐकून तो हसला, काहीतरी टंकले आणि म्हणाला, "काका, आता लिहा. त्या कामाचा 'नाइस' वाढवलाय." अक्षरे भराभर उमटू लागली. चित्रफीतही, जरा सावकाश, पुढे सरकतच होती.

मी पडलो मराठीचा प्राध्यापक! शब्द कानी पडला की खोदल्यावाचून राहवत नाही. कळले ते असे : युनिक्सच्या घराण्यातल्या संगणकांत प्रत्येक कामाला सौजन्याचा एक आकडा असतो, बहुधा उणे २० पासून १९ पर्यंत. आकडा जितका मोठा, तितके ते काम इतरांना "आधी आपण" म्हणणार. गंमत पुढेच आहे. सामान्य माणसाला आपल्या कामाचे सौजन्य एरवी वाढवताच येते. ते कमी करण्याचा अधिकार मुख्य व्यवस्थापकाचा.

पण दर घटकेला आकडे बदलायला माणूस कोठून आणायचा? १९६१ साली अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची व्यवस्था करून दाखविली. १९६२ मध्ये त्यांनी मांडलेली युक्ती अशी : कामांच्या रांगा अनेक. ठरल्या वेळात जे संपत नाही, त्याची रवानगी खालच्या रांगेत. तेथे पाळी उशिरा येते. पण आली म्हणजे वेळ दुप्पट मिळतो. छोटी कामे अशी आपोआप पुढे निघतात.

"मग खालच्या रांगेतल्याची पाळी कधी आलीच नाही तर?" मी विचारले.

"त्याला उपासमार म्हणतात, काका. म्हणून जो थांबतो, त्याचा मान थांबण्याबरोबर वाढवीत न्यायचा. जुन्या युनिक्समध्ये हा हिशेब दर सेकंदाला नव्याने होई. ज्याने नुकताच वेळ खाल्ला तो मागे, जो ताटकळला तो पुढे."

आई शेजारच्या खोलीत वाती वळीत होती, डोळ्यांपेक्षा बोटांच्याच भरवशावर. तिच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन मी दोन वर्षे पुढे ढकलीत होतो. आधी परीक्षांचे पेपर, मग लग्न, मग दिवाळी. "माझं काय, सवडीनं बघा," असे ती दर वेळी म्हणे, आणि मला ते सोयीचे वाटे. तिचा आकडा तिने स्वतःच १९ वर नेऊन ठेवला होता. तो खाली आणण्याचा अधिकार ज्याच्या हाती, तो मी लेख लिहीत बसलो होतो!

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांची वेळ घेतली.

दिवाळीत आईने अंगणातल्या पणत्या एकेक करून न्याहाळल्या आणि सुनेला म्हणाली, "तेल फार सांडतेस गं!" सौ.ने माझ्याकडे रागाने पाहिले. मला मात्र तो लाखाचा शब्द वाटला.