पत्ता आपला, जमीन कुणाची?

कोपरखैरण्यात घर घेणाऱ्याला एक शब्द लवकर पाठ होतो : भाडेपट्टा. सदनिका आपली, कर्जाचे हप्ते आपण फेडलेले, दारावरची पाटी आपल्या नावाची. पण इमारतीखालची जमीन सिडकोने साठ वर्षांच्या पट्ट्याने दिलेली. घर विकायचे तर सिडकोच्या दप्तरी जायचे, हस्तांतरण शुल्क भरायचे. १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांच्या जमिनी नव्या शहराच्या आराखड्यात आल्या आणि कोपरखैरणे गावाभोवती सेक्टरांचे आकडे उगवले. मालकी वेगळी आणि ताबा वेगळा, हे इथल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

हाच भाडेपट्टा मला इंटरनेटवर पुन्हा भेटला, तो आमच्या मजल्यावरच्या एका मुलामुळे. महापेच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तो कामाला आहे. एका रविवारी सकाळी त्याने विचारले, "काका, चागोस बेटं कुणाची हो? आमच्या कंपनीचं डोमेन तिथलं आहे म्हणे." कंपनी महापेत, गिऱ्हाइके पुण्यात आणि बंगळुरात, आणि संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी 'डॉट आयओ'. ही दोन अक्षरे 'इनपुट-आउटपुट'ची म्हणून संगणकाच्या धंद्यातल्या लोकांना आवडतात. तोही इतकी वर्षे तेच धरून चालला होता. प्रत्यक्षात ती एका भूभागाची खूण आहे, आणि त्या भूभागाच्या मालकीचा वाद साठ वर्षे चालू आहे.

दोन अक्षरांची नोंदवही

संकेतस्थळाचे नाव आपण डावीकडून वाचतो, संगणक ते उजवीकडून वाचतो. शेवटच्या टिंबापुढे काय आहे ते तो आधी पाहतो आणि जगाच्या मूळ नोंदवहीत विचारतो की या अक्षरांचा कारभार कोणाकडे आहे. तिथून कळलेल्या ठिकाणी तो पुढच्या नावाची चौकशी करतो. ही मूळ नोंदवही आज अमेरिकेतली 'आयकॅन' ही संस्था सांभाळते. ती १९९८ साली स्थापन झाली. त्याआधी हे काम मुख्यतः जॉन पोस्टेल या संगणकतज्ज्ञाच्या हातात होते.

कुठल्या प्रदेशाला देश म्हणायचे हा तंटा आपल्या अंगावर घ्यायचा नाही, असे पोस्टेल यांनी ठरवले. त्यांनी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची यादी घेतली. 'आयएसओ ३१६६' नावाची ही यादी १९७४ पासून आहे आणि तिच्यात प्रत्येक देशाला व प्रदेशाला दोन अक्षरे दिलेली आहेत. भारताला 'इन', जर्मनीला 'डीई', मॉरिशसला 'एमयू'. यादीत अक्षरे असली तर इंटरनेटवर जागा मिळते, आणि यादीतून ती गेली तर जागा रिकामी करावी लागते. आजच्या नियमाप्रमाणे त्यासाठी साधारण पाच वर्षे मिळतात, सबळ कारण असेल तर मुदत दहा वर्षांपर्यंत वाढते. म्हणजे आपण दरवर्षी पैसे भरतो ते पोटभाडेकरू म्हणून. मूळ पट्टा त्या देशाच्या अस्तित्वावर असतो.

चागोस, मॉरिशस आणि आपण

'आयओ' ही खूण ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरीची. मालदीवच्या दक्षिणेला असलेली चागोस बेटे ब्रिटनने १९६५ साली मॉरिशसपासून वेगळी काढली. मॉरिशस १९६८ साली स्वतंत्र झाला तो या बेटांवाचून. दिएगो गार्सिया बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी मोकळे हवे होते, म्हणून १९७३ पर्यंत तिथल्या साऱ्या रहिवाशांना मॉरिशस आणि सेशेल्सला हलवण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या नारळाच्या मळ्यांत राबलेली ही माणसे होती.

माणसे गेली आणि १९९७ साली त्या बेटांच्या नावाची दोन अक्षरे इंटरनेटच्या नोंदवहीत दाखल झाली. त्यांचा कारभार एका खासगी ब्रिटिश कंपनीकडे गेला, पुढे तो विकला गेला. नव्या कंपन्यांनी ती अक्षरे जगभरातून विकत घेतली. आपल्या बेटांच्या नावावर चाललेल्या या व्यापारातून आपल्याला काही मिळाले नाही, ही चागोसवासीयांची तक्रार आहे. मला ती रास्त वाटते.

२०१९ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिले की बेटे वेगळी काढणे कायद्याला धरून नव्हते आणि ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी तोच आग्रह धरला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ब्रिटन आणि मॉरिशस यांनी समझोता जाहीर केला आणि २२ मे २०२५ रोजी करारावर सह्या झाल्या. सार्वभौमत्व मॉरिशसकडे, दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने ब्रिटनकडे. पुन्हा भाडेपट्टाच! सह्यांनंतरही मान्यतेचे टप्पे उरतात, आणि ब्रिटनमध्ये या कराराला मोठा विरोध झाला. पण महापेतल्या त्या मुलाच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. ब्रिटिश इंडियन ओशन टेरिटरी नावाचा प्रदेशच उरला नाही, तर त्याची दोन अक्षरे यादीत कशी राहायची?

या गोष्टीत मॉरिशस आला की मराठी माणसाला परकेपणा वाटू नये. १८३४ नंतर मळ्यांत काम करण्यासाठी मॉरिशसला नेलेल्या गिरमिटिया मजुरांत कोकणातली, मुंबई बंदरातून बोटीत चढलेली मराठी कुटुंबे होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर हे मजूर उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे शाळेत मराठी शिकवतात आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. तिथल्या मराठी घरांनी देवघर सांभाळले, पत्ता बदलला तरी नाव टिकवले. कोणत्याही स्थलांतरात टिकवायचे काय असते, ते त्यांच्याकडून शिकावे.

ज्यांचे पत्ते गेले

देश गेला की अक्षरांचे काय होते, याची सगळ्यांत बोलकी कथा युगोस्लाव्हियाची. 'डॉट वाययू' १९८९ साली सुरू झाले आणि त्याचा कारभार स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्याना शहरातून चाले. १९९१ साली स्लोव्हेनिया वेगळा झाला, त्याला स्वतःची नवी अक्षरे मिळाली, तरी जुन्या अक्षरांची किल्ली ल्युब्ल्यानातच राहिली. उरलेल्या युगोस्लाव्हियाच्या राजधानीला, बेलग्रेडला, आपल्याच देशाच्या नावाने पत्ता मिळेना. १९९४ साली पोस्टेल यांनी तो कारभार बेलग्रेड विद्यापीठाकडे सोपवला. पुढे २००३ साली देशाचे नाव बदलले, २००६ साली सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो वेगळे झाले आणि दोघांना नवी अक्षरे मिळाली. ३० मार्च २०१० रोजी 'डॉट वाययू' नोंदवहीतून खोडले गेले. तोवर ज्यांनी घर हलवले नव्हते त्यांची संकेतस्थळे त्या दिवशी उघडेनाशी झाली. युद्धाच्या काळातली पत्रे, बातम्या, विद्यापीठांची पाने यांना जोडणारे दुवे तुटले. इतिहास लिहिणाऱ्याला ही हानी फार जाणवते, कारण संदर्भ दिलेला असतो आणि तिथे काहीच नसते.

पूर्व तिमोरची वाट उलटी. तो देश इंडोनेशियाच्या ताब्यात असतानाच १९९७ साली आयर्लंडमधल्या डब्लिनमध्ये 'डॉट टीपी' उभे राहिले. देशाला स्वातंत्र्य मिळाले २००२ साली, पण त्याचे नाव इंटरनेटवर पाच वर्षे आधीच झळकत होते. पुढे 'डॉट टीएल' ही नवी अक्षरे आली आणि २०१५ साली जुनी मिटली. सोव्हिएत संघाचे 'डॉट एसयू' मात्र देश १९९१ साली विसर्जित होऊनही चालू राहिले. म्हणून 'डॉट आयओ'चे भवितव्य कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

देश तसाच राहूनही पत्ता जातो. 'डॉट ईयू' हे नाव युरोपीय संघातल्या रहिवाशांसाठी, संस्थांसाठी आणि संघाच्या नागरिकांसाठी असते. ब्रिटन संघातून बाहेर पडला आणि १ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटनमधल्या धारकांची सुमारे ८०,००० नावे स्थगित झाली. नाव स्थगित झाले की संकेतस्थळ उघडत नाही आणि त्या नावाची ईमेलही बंद पडते. वर्षभराने, जानेवारी २०२२ मध्ये, ती नावे इतरांना घेण्यासाठी खुली झाली. एखाद्या दुकानदाराने वर्षानुवर्षे पाटीवर, पिशवीवर, बिलावर छापलेले नाव दुसऱ्या कुणीतरी घ्यावे, आणि त्यात दुकानदाराची चूक काहीच नसावी, याचे दुःख गिऱ्हाइकाच्या विश्वासावर जगणाऱ्यालाच कळेल.

घरची गोष्ट

'डॉट इन'चा कारभार १९९० च्या दशकात जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून चाले. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. नियम कडक होते. १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नावे नोंदली गेली. २००५ पासून दार सगळ्यांना खुले झाले आणि कारभार 'निक्सी' या संस्थेकडे आला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीतले 'डॉट भारत' सुरू झाले, त्यात मराठीचाही समावेश आहे.

नाव कुणाचे, हा प्रश्न महाराष्ट्राच्या राजकारणानेही अनुभवला. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने 'शिवसेना' हे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच उद्धव ठाकरे यांच्या गटाला ट्विटर खात्याचे नाव बदलावे लागले आणि जुने संकेतस्थळही बंद झाले. नावावरचा हक्क बदलला की पाटी, शिक्का आणि इंटरनेटवरचा पत्ता एकाच वेळी हलतात.

शहराचे नाव बदलते तेव्हा पत्ता आपोआप बदलत नाही. बॉम्बेची मुंबई १९९५ साली झाली. मुंबई विद्यापीठाने आपले नाव बदलले, पण आयआयटीच्या पत्त्यातला 'बी' बॉम्बेचाच आहे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर इथल्या ज्या संस्थांच्या डोमेनमध्ये जुने गाव आहे, त्यांच्यापुढे आज हाच प्रश्न आहे. नवे नाव जरूर घ्यावे, पण जुने सोडू नये. जुन्या नावाचे दार बंद झाले तर इतक्या वर्षांची कात्रणे, निकालपत्रे आणि दुवे भिंतीवर आपटतील.

सरकारी निर्णयाने झालेला बदल व्यवस्थित कसा करावा, याचे उदाहरणही घरचेच आहे. फसवणूक रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या नावावर यायला सांगितले आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. बदल आधी जाहीर झाला, तारीख ठरली, एका संस्थेवर नोंदणी सोपवली गेली.

वहीपूजनाच्या दिवशी

त्या मुलाच्या कंपनीने आता 'डॉट इन'चे नावही घेतले आहे. दोन्ही पत्ते एकाच ठिकाणी उघडतात. बिलांवर, ईमेलवर आणि गिऱ्हाइकांच्या यादीत नवे नाव हळूहळू रुळते आहे. जुने 'डॉट आयओ' जितकी वर्षे मिळेल तितकी वर्षे ते भरत राहणार आहेत.

आपली छोटी दुकाने, शाळा, वाचनालये, मंडळे आणि दिवाळी अंकही आता इंटरनेटवर आहेत. त्यांच्या चालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे. लक्ष्मीपूजनाला नवी वही मांडाल तेव्हा तिच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहा. आपले डोमेन कोणत्या देशाच्या अक्षरांवर आहे. ते कुणाच्या नावाने नोंदले आहे. संकेतस्थळ करून देणाऱ्या माणसाच्या नावावर असेल तर आधी संस्थेच्या नावावर करून घ्या. नूतनीकरणाची तारीख कोणती, आणि तिची सूचना कोणत्या ईमेलवर येते. ती ईमेल त्याच डोमेनवरची नसावी, कारण डोमेन बंद पडले तर सूचनाच पोचणार नाही. आणि संकेतस्थळावरच्या सगळ्या मजकुराची प्रत स्वतःकडे कुठे ठेवली आहे.

सिडकोच्या पट्ट्याची प्रत आमच्या सोसायटीच्या कपाटात एका फाइलमध्ये जपून ठेवलेली आहे. डोमेनचे कागद तिच्याशेजारी ठेवायला हरकत नाही.