बाळंतपण कोणाच्या हातून? नर्सबाईंना कमी लेखू नका

सुनेला सातवा-आठवा महिना लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : बाळंतपण कुठे करायचे? सासूबाई म्हणतात, आमची सगळी बाळंतपणे दाईच्या हातून घरीच झाली. मुलगा म्हणतो, पैसे लागले तरी चालतील, पण मोठ्या दवाखान्यातच नेऊ. शेजारी सांगतात, सरकारी दवाखान्यात नेऊ नका, तिथे नर्सच बाळंतपण करते. माझ्याकडे सल्ला विचारायला येणारी मंडळी हे शेवटचे वाक्य हमखास तक्रारीच्या सुरात सांगतात. मला मात्र त्यात तक्रार करण्याजोगे काही दिसत नाही. बाई निरोगी असेल, नर्स शिकलेली असेल आणि वेळेला डॉक्टर व गाडी मिळणार असेल, तर नर्सबाईंच्या हातून होणारे बाळंतपण हे चांगले बाळंतपण आहे.

दाई वेगळी, नर्सबाई वेगळी

गावातली दाई अनुभवाने शिकलेली असते. तिने माया केली, रात्री-अपरात्री धाव घेतली, हे कोणी नाकारणार नाही. परंतु रक्तस्राव सुरू झाला किंवा मूल आडवे आले, तर तिच्याजवळ औषध नसते. एएनएम म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसविका. प्रसविका म्हणजेच सुईण. बाळंतपण करणे हे तिच्या शिक्षणातच आहे.

सुईणींना शिक्षण देण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. १८८५ साली काउंटेस ऑफ डफरीन यांच्या नावाने निधी उभा राहिला. स्त्रियांना स्त्रियांकडूनच वैद्यकीय मदत मिळावी आणि सुईणी व नर्सेस तयार व्हाव्यात, हा त्याचा हेतू होता. अमरावतीच्या स्त्री रुग्णालयाला लोक अजूनही 'डफरीन' म्हणतात. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानेही नर्स आणि सुईणींच्या शिक्षणाचे काम केले.

नर्सबाई नेमके काय करतात?

पहिलटकरणीच्या कळा बारा-बारा तास, कधी त्याहूनही जास्त चालतात. एवढा वेळ डॉक्टर खाटेजवळ बसून राहत नाही. तो येतो, तपासतो आणि जातो. जवळ असते ती नर्स. बाळाचे ठोके ठरावीक वेळाने मोजणे, नाडी आणि रक्तदाब पाहणे, पिशवीचे तोंड किती उघडले याची तक्त्यावर नोंद करणे, बाईला पाणी पाजणे, हिंडूफिरू देणे, धीर देणे ही सगळी तिची कामे. चांगली सुईण घाई करत नाही. पोट दाबत नाही. निसर्ग आपले काम करत असेल तर हात आवरून लक्ष ठेवते, आणि काम अडले की लगेच ओळखते. हे ओळखणे हीच तिची खरी विद्या.

बाळ बाहेर येताच आईच्या मांडीत दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन पिशवी घट्ट करते आणि रक्तस्राव टाळते. हेच औषध बाळ होण्याआधी 'कळांचे इंजेक्शन' म्हणून घरी कोणाकडूनही टोचून घेणे जिवावर बेतू शकते. पिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकते. आधी दिले तर घातक आणि नंतर दिले तर तारक, असे हे औषध आहे. म्हणून घरी येऊन कळा वाढवण्याचे इंजेक्शन देतो म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ च्या सुमारास महाराष्ट्रात दवाखान्यात होणारी बाळंतपणे सुमारे ४४ टक्के होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्के झाले. ही मोठी कमाई आहे. पण त्याच पाहणीत महाराष्ट्रातील सिझेरियनचे प्रमाण २५.४ टक्के आढळले. देशभराचा विचार केला तर सरकारी दवाखान्यांत ते १४.३ टक्के आणि खाजगी दवाखान्यांत ४७.४ टक्के होते. सिझेरियनने हजारो जीव वाचतात, यात शंका नाही. मात्र दर दोन बायांपैकी जवळजवळ एकीचे पोट कापावे लागते, हे निसर्गाला धरून नाही.

शेजारच्या तेलंगणात तर हे प्रमाण ६०.७ टक्क्यांवर गेले होते. त्या राज्याने २०१७ पासून हैदराबादच्या फर्नांडिस फाउंडेशनच्या मदतीने नर्सेसना सुईणपणाचे दीड वर्षाचे खास शिक्षण देण्यास सुरुवात केली. २०१८ साली केंद्र सरकारनेही अशा प्रसविकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०१६ साली १५ चाचण्यांतील १७,६७४ स्त्रियांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांची देखभाल सुरुवातीपासून ओळखीच्या सुईणींनी केली, त्यांच्यात चिमटा लावण्याची वेळ कमी आली, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे कमी झाली आणि त्या अधिक समाधानी होत्या. मात्र या चाचण्या श्रीमंत देशांतल्या होत्या. तिथे सुईणीच्या पाठीशी डॉक्टर, रक्त आणि शस्त्रक्रियागृह हाकेच्या अंतरावर असते. आपल्याकडे गावापासून वाशिम किंवा अकोला किती दूर आहे, हे आधी मोजले पाहिजे.

डॉक्टर कधी हवाच?

पुढीलपैकी काहीही असेल तर बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच ठरवावे :

* आधीचे सिझेरियन, जुळे, आडवे किंवा पायाळू मूल
* रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, मधुमेह, हृदयरोग
* हिमोग्लोबिन ७ पेक्षा कमी किंवा सिकलसेलचा आजार
* आधीच्या बाळंतपणात जास्त रक्तस्राव किंवा मूल दगावणे

आणि पुढील लक्षणे दिसताच, दिवस असो वा रात्र, १०८ क्रमांकावर फोन करावा : अंगावरून रक्त जाणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, झटके, पाणमोट फुटून हिरवट पाणी येणे, बाळाची हालचाल मंदावणे, कळा बारा तासांहून जास्त चालणे, बाळ झाल्यावर अर्ध्या तासात वार न पडणे.

माहेरी जाताना कार्ड विसरू नका

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत चांगली आहे. पण नऊ महिने तपासणारी नर्सबाई सासरच्या गावी राहते आणि बाळंतपण करणारी माहेरी नवीनच भेटते. माझ्या पाहण्यातली एक मुलगी आठव्या महिन्यात माहेरी आली. तपासणीचे कार्ड सासरीच राहिले होते. पायांवर सूज होती. आई म्हणाली, दिवसांत सूज येतेच. उपकेंद्राच्या नर्सबाईंनी रक्तदाब मोजला तर तो १६०/११०. त्यांनी डॉक्टरांची वाट पाहिली नाही. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शनचा पहिला डोस दिला, गाडी बोलावली आणि स्वतः सोबत गेल्या. आई आणि बाळ दोघेही वाचले. कार्ड जवळ असते, तर आधीचा रक्तदाब कळला असता आणि सूज पहिल्याच दिवशी दाखवली गेली असती. तेव्हा साडी-चोळीच्या पिशवीत आधी कार्ड ठेवा आणि माहेरी पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या नर्सबाईंना भेटा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते, तिचाही लाभ घ्या.

बाळंतपण झाले, काम संपले नाही

गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी आजार होता. आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा त्रास, अंग बाहेर येणे हे सारे बाया मुकाट्याने सोसत होत्या, कारण पुरुष डॉक्टरांपुढे सांगायचे कसे? ही अडचण मी रोज पाहतो. तपासायला आलेली बाई 'कंबर दुखते' एवढेच सांगते. खरे दुखणे तिसऱ्या भेटीत कळते, तेही सोबत आलेल्या नणंदेकडून. अशा वेळी नर्सबाईंजवळ मन मोकळे करावे. तांबी, 'अंतरा' इंजेक्शन, लोहाच्या गोळ्या याबाबतही त्या मदत करतात. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले होते. त्यामुळे गोळ्या केवळ गरोदरपणापुरत्याच, असे समजू नये.

हे प्रश्न आधीच विचारा

दवाखाना सरकारी असो वा खाजगी, सातव्या महिन्यातच जाऊन विचारावे. रात्री कळा आल्या तर हजर कोण असेल? त्यांचे शिक्षण काय? घरची एक बाई सोबत थांबू शकेल का? (२०१६ पासून केंद्र सरकारच्या सूचनांनुसार सरकारी दवाखान्यात अशी सोबत चालते.) अडचण आली तर कुठे पाठवाल, गाडी कोणती, रक्त कुठे मिळेल? सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषधे आणि ने-आण २०११ पासून मोफत आहे. या प्रश्नांची सरळ उत्तरे जिथे मिळतील, तो दवाखाना निवडावा. इमारत किती मजली आहे, ते नंतर पाहावे.

बाळंतपणानंतर निदान ४८ तास दवाखान्यातच थांबावे. घरी आल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेटीला येतात. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचे कोणी नको म्हणून त्यांना दारातच थांबवू नका. त्यांना आत येऊ द्या, बाळाचे वजन करू द्या आणि आईला तिची तब्येतही विचारू द्या.