पोटावरचा चिमटा

जालन्याच्या मोंढ्यात पोतं काट्यावर चढल्याशिवाय सौदा होत नाही. जुलाबाच्या रोग्याचंही तसंच! मे महिन्यात अंबड-परतूरकडे ऊन मी म्हणत असतं. त्यात बाळाला जुलाब-उलट्या लागल्या, तर अंगातलं किती पाणी गेलं हे डॉक्टर कसं ओळखतात? वजन एका दिवसात एक किलो घटलं, म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. दहा किलोच्या बाळाचा हा दहावा हिस्सा. जिवावरचंच दुखणं!

पण कालचं वजन घरी कोण लिहून ठेवतं? मग डॉक्टर पोटाची कातडी चिमटीत धरून सोडतात. चटकन सपाट झाली तर ठीक. दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी तशीच राहिली आणि बाळ सुस्त पडून पाणीही पिईना, तर लगेच सलाइन. घडी जरा सावकाश गेली, बाळ चिडचिडं, तहानलेलं असलं, तर ओआरएस पुरतं. किलोमागे ७५ मिलिलिटर, चार तासांत, चमच्या-चमच्यानं.

१९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज नि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी पाजून हजारोंना वाचवलं.

आता सांगा पाहू, आपल्या दहा किलोच्या बाळाला चार तासांत किती ओआरएस लागेल?