एम्ले मूरचा मनोरा

दूरदर्शनचा मनोरा इतका उंच कशाला, हा प्रश्न आमच्या कामगार-मंडळींनी आम्हांला पुष्कळदा विचारला आहे. त्या लहरी प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ रेषेत जातात. टेकडीआडच्या गावाला दिवा दिसत नाही, तसे चित्रही पोहोचत नाही. म्हणून इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात, गिरण्या आणि कोळशाच्या खाणींच्या मुलखात, एम्ले मूर नावाच्या उंच माळावर १९५६ साली १३५ मीटरांचा मनोरा उभा राहिला. तो अपुरा पडला तेव्हा त्याच्या जागी ३८५ मीटरांचा आला. त्याचा खालचा सुमारे २७५ मीटरांचा भाग म्हणजे पोलादी नळ, व्यास अवघा पावणेतीन मीटर, वर जाळीकाम, आणि चहूकडून ओढून धरणारे तणावे.

हिवाळ्यात तणाव्यांवर बर्फ चढे आणि खाली कोसळे. वाटसरूंसाठी धोक्याचे पिवळे दिवे लावीत. १९ मार्च १९६९ रोजी असे दिवे लागलेले असतानाच, सायंकाळी पाच वाजून एक मिनिटाने, अख्खा मनोरा आडवा झाला. एका तणाव्याने जवळचे प्रार्थनामंदिर चिरले. पायथ्याच्या इमारतीत तंत्रज्ञ कामावर होते. परंतु कोणी दगावले नाही, जखमीही झाले नाही. ह्याला आम्ही दैव म्हणतो, व्यवस्था म्हणत नाही.

चौकशी समितीचा निष्कर्ष विचार करण्याजोगा आहे. वादळाने मनोरा पाडला नव्हता. वारा मंद, पण एकसारखा होता. वाहत्या नदीत बांबू रोवून पाहावा. त्याच्यामागे आळीपाळीने दोन्ही अंगांना भोवरे सुटतात आणि बांबू थरथरतो. गोल खांबामागे हवेतही तेच घडते. झोपाळ्याला नेमक्या वेळी नुसता हात लावीत गेले तरी झोका चढतो, तसा हा झोका चढला. त्यात बर्फाचा भार एका अंगाला अधिक! तणाव्यांशी रोज काम असणाऱ्या माणसाचे म्हणणे आराखड्याइतकेच मोलाचे मानावे, असे आमचे मत आहे.

बेलमाँट आणि विंटर हिल येथील त्याच जातीच्या मनोऱ्यांत मग आतून जड पोलादी साखळ्या टांगल्या. डोलण्याचा जोर त्या शोषून घेतात. एम्ले मूरला मात्र तणाव्यांचा नादच सोडला. तेथे ३३० मीटरांचा, स्वतःच्या पायावर उभा असलेला मनोरा १९७१ साली चालू झाला. त्याचा मुख्य खांब काँक्रीटचा आहे, आणि माथ्याजवळच्या खोलीत कामाला जाणाऱ्यास लिफ्टने सात मिनिटे लागतात.