कायदेकर्त्यांचे जाळे आणि हवामानाची भाषा

हवामान बदलाविषयीचे आंतरराष्ट्रीय करार सरकारे करतात. परंतु ते करार देशाच्या कायद्यात, अर्थसंकल्पात आणि प्रशासनाच्या रोजच्या कामात कितपत उतरतील, हे बऱ्याच अंशी विधिमंडळाच्या सदस्यांवर अवलंबून असते, आणि २०१५ च्या पॅरिस करारानंतर निरनिराळ्या देशांतील अशा सदस्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या प्रादेशिक जाळ्यांना जे महत्त्व आले ते याच कारणाने. अमेरिका खंडांत असे एक जाळे ‘पार्लअमेरिकाज’ या संस्थेच्या छत्राखाली २०१६ पासून काम करते. उत्तर अमेरिका, मध्य अमेरिका, कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिका अशा चार उपप्रदेशांतील ३५ राष्ट्रीय संसदांना एकत्र आणणारी ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली असून तिचे सचिवालय कॅनडाची राजधानी ओटावा येथे आहे. या जाळ्याला स्वतःचा कायदा करता येत नाही, कोणत्याही संसदेला आदेश देता येत नाही आणि एखाद्या देशाने दिलेले वचन मोडले तर त्याला जाब विचारण्याचा अधिकारही त्याच्याकडे नाही. सदस्याला सभागृहात उभे राहून बोलण्यापूर्वी जे ठाऊक असायला हवे ते त्याच्या हाती वेळेवर देणे, एवढेच त्याला करता येते. त्यामुळे संवादाचे नियोजन, ज्याला विद्यापीठीय मराठीत संज्ञापन-नियोजन म्हणतात, ही अशा जाळ्याच्या कामाला जोडलेली प्रसिद्धीची शेपटी नसून तेच त्याचे मुख्य काम ठरते.

या कामाची पहिली अडचण संसदांच्या आकारातच दडलेली आहे. ब्राझीलच्या कनिष्ठ सभागृहात ५१३ सदस्य बसतात, तर ग्रेनाडाच्या कनिष्ठ सभागृहात अवघे १५ निवडून येतात आणि त्यांपैकी बरेच जण मंत्रीही असतात. ब्राझीलमधील सदस्याच्या दिमतीला सभागृहाचे स्वतंत्र सल्लागार असतात; छोट्या बेटावरच्या सदस्याला मात्र विधेयक वाचणे, मतदारसंघ सांभाळणे आणि परदेशी बैठकीची तयारी करणे ही सारी कामे जवळपास एकट्याने उरकावी लागतात. दोघांना एकच पन्नास पानी अहवाल पाठवला, तर पहिल्याकडे तो सल्लागाराच्या टेबलावर जातो आणि दुसऱ्याकडे बहुधा न वाचताच राहतो. पक्षीय स्थितीही सर्वत्र सारखी नसते. बार्बाडोसमध्ये २०१८ आणि २०२२ या दोन्ही निवडणुकांत सर्वच्या सर्व ३० जागा एकाच पक्षाला मिळाल्या. अशा वेळी ‘सत्ताधारी आणि विरोधक या दोघांच्याही तोंडून संदेश जावा’ हा सर्वपक्षीय जाळ्याचा मूळ नियमच पाळणे अवघड होते, आणि वरिष्ठ सभागृहातील नियुक्त सदस्य, समित्यांचे कर्मचारी किंवा नागरी संघटना यांच्याकडे वळावे लागते.

याहून खोल अडचण स्मृतीची आहे, आणि तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कोस्टारिकात सापडते. या देशाच्या राज्यघटनेनुसार विधानसभेच्या सदस्यांना लागोपाठ दुसऱ्यांदा निवडून येता येत नाही, म्हणजे दर चार वर्षांनी सर्वच्या सर्व ५७ सदस्य बदलतात. याच देशातील एस्काझू या गावी ४ मार्च २०१८ रोजी लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांनी एक करार स्वीकारला. पर्यावरणविषयक माहिती मिळण्याचा, निर्णयप्रक्रियेत भाग घेण्याचा आणि न्याय मागण्याचा नागरिकांचा हक्क त्यात मान्य केला आहे, आणि पर्यावरणासाठी लढणाऱ्या माणसांच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकणारे स्वतंत्र कलमही त्यात आहे. कोस्टारिकाच्या विधानसभेत २०२० मध्ये या कराराला पहिल्या चर्चेत एकमुखाने मंजुरी मिळाली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेत त्रुटी दाखवली, मधल्या काळात उद्योग संघटनांनी गुंतवणुकीवर परिणाम होईल असा आक्षेप घेतला, २०२२ मध्ये संपूर्ण नवी विधानसभा आली, नव्या सरकारनेही विषयाला प्राधान्य दिले नाही, आणि २०२३ च्या सुरुवातीला मुदत संपून प्रस्ताव दप्तरी जमा झाला. ज्या गावाचे नाव कराराला मिळाले त्या गावाचा देशच त्यातून बाहेर राहिला, ही गोष्ट त्या करारासाठी झटलेल्या कोणालाही वेदना देणारी आहे.

या अपयशाचे सगळे खापर संवादाच्या उणिवेवर फोडणे अन्यायाचे होईल, कारण आर्थिक हितसंबंध आणि राजकीय मतभेद खरे होते. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. २०२० मध्ये ज्यांनी मतदान केले त्यांनी आपले मत का दिले, कोणत्या शंका उपस्थित झाल्या आणि त्यांना कोणती उत्तरे मिळाली, हे ज्ञान त्या सदस्यांबरोबरच सभागृहाबाहेर गेले. म्हणून अशा जाळ्याने आपला संवाद आखताना निवडून आलेल्या सदस्यांच्या बरोबरीने संसदेच्या कायम कर्मचाऱ्यांना, म्हणजे समितीसचिव, ग्रंथपाल, संशोधन विभागातील अधिकारी आणि विधेयकांचा मसुदा करणारे विधिज्ञ यांना, पहिल्या ओळीत बसवले पाहिजे. सदस्य चार वर्षांसाठी येतो, समितीसचिव मात्र पुढच्या विधानसभेलाही तिथेच असतो. तरीही परिषदांची निमंत्रणे आणि छायाचित्रे बहुतेक वेळा सदस्याच्याच वाट्याला येतात.

पेरूतील अनुभव वेगळ्या दिशेने बोलका आहे. तेथील काँग्रेसच्या परराष्ट्र व्यवहार समितीने ऑक्टोबर २०२० मध्ये हाच करार बाजूला ठेवला, आणि त्या वेळच्या चर्चेत ॲमेझॉनवरील देशाचे सार्वभौमत्व धोक्यात येईल ही भीती वारंवार मांडली गेली. वास्तविक राज्यांचे आपल्या नैसर्गिक साधनसंपत्तीवरील कायम सार्वभौमत्व हे तत्त्व कराराच्या तिसऱ्या कलमातच नोंदलेले आहे. परंतु कराराचा मजकूर वकिलांच्या आणि संघटनांच्या वर्तुळात फिरत राहिला आणि भीती मात्र घराघरांत पोहोचली. आक्षेप जाहीर होऊन रुजल्यावर दिलेले उत्तर कितीही अचूक असले तरी ते बचावाचे वाटते. म्हणून संभाव्य आक्षेपांची उत्तरे, कलमांच्या क्रमांकांसह आणि सामान्य मतदाराला कळतील अशा शब्दांत, विधेयक समितीपुढे येण्याआधीच सदस्यांच्या हाती असणे हा संवाद-नियोजनाचा कणा मानायला हवा.

शब्दांचा प्रश्न इथे गौण नाही. मराठी वाचकाला त्यातली एक अडचण ओळखीची वाटेल, कारण उद्याच्या पावसाचा अंदाज सांगणारे खाते ‘हवामान खाते’ आणि अनेक दशकांत पालटणारी पृथ्वीची प्रकृतीही ‘हवामान’च. लॅटिन अमेरिकेच्या मोठ्या भागातील स्पॅनिश बोलण्यातही ‘क्लिमा’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो. त्यामुळे थंडीची एक लाट आली की ‘तापमान वाढते आहे’ हे विधान ऐकणाऱ्याला खोटे वाटू लागते, आणि सदस्याला सभागृहात आधी शब्दाचा खुलासा करावा लागतो. पॅरिस करारानुसार प्रत्येक देशाने स्वतः ठरवून जाहीर करायच्या उद्दिष्टांना ‘राष्ट्रीय निर्धारित योगदान’ म्हणतात. ही संज्ञा कोणत्याही भाषेत सारखीच जड आहे, आणि तिच्याऐवजी ‘देशाने जगाला दिलेले वचन’ असे म्हटले तर सदस्याच्या भाषणात ती सहज मावते. भाषांची संख्याही थोडी नाही. स्पॅनिश, इंग्रजी, पोर्तुगीज आणि फ्रेंच यांच्या जोडीला सुरिनामात डच, हैतीत क्रेओल आणि पॅराग्वेत बहुसंख्यांच्या बोलण्यातली ग्वारानी आहे. प्रत्येक टिपण आधी एका भाषेत लिहून मग बाकीच्या भाषांत उतरवण्याची रीत सोयीची असली तरी मूळ भाषेबाहेरच्या वाचकाला त्यातली उदाहरणे परकी वाटतात. भाषांतराइतकाच खर्च त्या त्या प्रदेशातील उदाहरणे गोळा करण्यावर झाला, तर मजकूर वाचला जाण्याची शक्यता अधिक.

उदाहरणांची वाण मात्र या खंडांत नाही. बोलिव्हियातील चाकाल्ताया ही हिमनदी २००९ पर्यंत पूर्ण नाहीशी झाली. डॉमिनिका या सुमारे ७० हजार वस्तीच्या बेटावर सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया हे चक्रीवादळ आदळले, तेव्हा झालेली हानी आणि नुकसान देशाच्या वार्षिक सकल उत्पन्नाच्या २२६ टक्के, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळच्या सगळ्या कमाईइतके होते. कॅनडातील लिटन या गावी २९ जून २०२१ रोजी ४९.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले आणि दुसऱ्याच दिवशी आगीने गावाचा बहुतेक भाग खाक केला. आपल्या मतदारसंघाशी जुळणारी एक घटना सदस्याला दिली तर तो ती लक्षात ठेवतो. खंडाची सरासरी त्याला आठवत नाही.

कॅनडाचीच दुसरी गोष्ट संवाद-नियोजनाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावी अशी आहे. २०१८ च्या कायद्याने तेथे इंधनावर कार्बन आकार बसवला गेला. कार्बन आकार म्हणजे इंधन जाळल्याने सुटणाऱ्या कर्बवायूच्या प्रमाणात द्यावी लागणारी रक्कम. ज्या प्रांतांत ही केंद्रीय व्यवस्था लागू होती तेथे गोळा झालेल्या रकमेचा मोठा हिस्सा कुटुंबांना परत मिळत असे. हा परतावा आधी प्राप्तिकराच्या विवरणपत्रातून आणि २०२२ पासून दर तिमाहीला थेट बँक खात्यात जमा होई, परंतु त्याला दिलेले नाव होते ‘हवामान कृती प्रोत्साहन’. पेट्रोल भरताना वाढलेली किंमत प्रत्येकाला दिसत होती. खात्यात आलेली रक्कम कशाची, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नव्हते. २०२४ मध्ये त्याचे नाव बदलून ‘कॅनडा कार्बन परतावा’ असे करण्यात आले, पण तोवर विषय निवडणुकीच्या रणधुमाळीत सापडला होता, आणि १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरील हा आकार बंद झाला. अशा पक्षीय वादात सर्वपक्षीय जाळ्याला बाजू घेता येत नाही. परंतु ज्या देशांत अशा आकाराचा विचार चालू आहे तेथील सदस्यांना, लाभाचे नाव पहिल्याच दिवशी स्वच्छ असावे, एवढे तरी ते निःसंकोच सांगू शकते.

नियोजनातील वेळापत्रक दोन पंचांगांवर बेतावे लागते, एक निसर्गाचे आणि दुसरे सभागृहाचे. अटलांटिक चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. बार्बाडोसचे आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होते. वादळ आल्यावर निवाऱ्यांसाठी निधी मागणारा सदस्य त्या वर्षाच्या अर्थसंकल्पाला मुकलेला असतो, म्हणून त्याला लागणारे टिपण जानेवारीतच पोहोचले पाहिजे. ब्राझीलमध्ये अर्थसंकल्पाचा प्रस्ताव ३१ ऑगस्टपर्यंत संसदेकडे येतो, आणि चिलीत काँग्रेसने ६० दिवसांत निर्णय केला नाही तर राष्ट्राध्यक्षांचाच प्रस्ताव लागू होतो. आंतरराष्ट्रीय हवामान परिषदा साधारणपणे नोव्हेंबरच्या सुमारास भरतात. त्यांच्या धामधुमीत जाळ्याची सारी शक्ती खर्च झाली तर जिथे पैसा प्रत्यक्ष वाटला जातो ते महिने रिकामे जातात.

वेळेआधी केलेल्या तरतुदीचे मोल ग्रेनाडाने दाखवून दिले. १ जुलै २०२४ रोजी बेरिल या चक्रीवादळाने या देशातील कॅरियाकू बेटावर प्रचंड विध्वंस केला. परंतु ग्रेनाडाच्या कर्जरोख्यांत आधीच एक अट घातलेली होती, की मोठे वादळ आल्यास परतफेडीचे हप्ते पुढे ढकलता येतील, आणि त्या अटीचा आधार घेऊन देशाला पुनर्बांधणीसाठी हाती पैसा ठेवता आला. शेजारच्या बेटावरील सदस्याने आपल्या अर्थमंत्र्याला ‘आपल्या रोख्यांत अशी अट आहे काय?’ एवढा एकच प्रश्न विचारावा, हे घडवून आणणे प्रादेशिक जाळ्यालाच साधते, कारण ही माहिती एका संसदेत असते आणि तिची गरज दुसऱ्या संसदेत. अशा जाळ्याच्या यशाचे मोजमापही याच मापाने व्हावे: किती जणांनी चित्रफीत पाहिली यापेक्षा किती प्रश्न विचारले गेले, किती दुरुस्त्या मांडल्या गेल्या आणि अर्थसंकल्पात कोणता लेखाशीर्ष नव्याने उघडला, याची नोंद ठेवली जावी. ती ठेवणे कष्टाचे असते, आणि देणगीदारांच्या अहवालात चित्रफितींचे आकडे अधिक उठून दिसतात, म्हणूनच तिचा आग्रह नियोजनाच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा लागतो.

एका बाबतीत मात्र अधिक पोहोच म्हणजे अधिक यश असे समीकरण धोक्याचे ठरते. लॅटिन अमेरिकेत जमीन, नदी आणि जंगल यांसाठी उभे राहणाऱ्यांना जीव गमवावा लागतो. होंडुरासमधील लेन्का समाजाच्या नेत्या बेर्ता कासेरेस यांची धरणाविरुद्धच्या लढ्यामुळे मार्च २०१६ मध्ये हत्या झाली, तेव्हा त्या जगभर ओळखल्या जात होत्या आणि त्यांना प्रतिष्ठेचा गोल्डमन पुरस्कारही मिळालेला होता. संसदीय समितीपुढे साक्ष देणाऱ्या गावकऱ्याचे नाव, छायाचित्र आणि वस्ती प्रसिद्ध करावी की नाही, याचा निर्णय समाजमाध्यमे सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यावर सोडणे योग्य नाही; साक्षीदाराची समजून-उमजून दिलेली संमती, ती मागे घेण्याची मुभा आणि धोका दिसताच संपर्क साधायचा अधिकारी, या गोष्टी नियोजनात आधीच ठरलेल्या असाव्या लागतात.

कोस्टारिकात दर चार वर्षांनी १ मे रोजी ५७ नवे सदस्य आपल्या जागी बसतात. त्या दिवशी प्रत्येकाच्या मेजावर दोन पानांचे एक टिपण असू शकते: आधीच्या विधानसभेत हवामानाविषयीचे कोणते प्रस्ताव आले, कोणते कुठे अडले, प्रत्येक आक्षेप कोणाचा होता आणि त्याला कोणत्या कलमात उत्तर आहे. ते कोणी लिहायचे, हे मागच्या चार वर्षांत ठरलेले असले पाहिजे.