विश्लेषण : टायटॅनियमची सायकल खरोखर आयुष्यभर टिकते का?

गंजत नाही, रंग लावावा लागत नाही, वर्षानुवर्षे तशीच दिसते. टायटॅनियमच्या सायकलबद्दल सायकलप्रेमींमध्ये असे बरेच बोलले जाते. नामांकित बनावटीच्या नुसत्या फ्रेमसाठी लाख-दीड लाखाहून अधिक रुपये मोजावे लागत असले, तरी ‘एकदा घेतली की पुन्हा फ्रेम घ्यायला नको’ हा हिशेब अनेकांना पटतो. त्यामुळे वापरलेल्या, दहा-पंधरा वर्षे जुन्या फ्रेमनाही चांगली मागणी असते. मात्र टायटॅनियमच्या फ्रेमलाही तडे जातात आणि त्याही तुटतात. मग हा धातू ‘अमर’ आहे, या समजात तथ्य किती?

सायकलसाठी टायटॅनियमच का?

टायटॅनियमची घनता पोलादाच्या साधारण ५७ टक्के आहे. मिश्रधातू करून त्याची ताकद चांगल्या पोलादाच्या जवळपास नेता येते. सायकलच्या नळ्यांसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत ३ टक्के ॲल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम असते. विमानातील हायड्रॉलिक यंत्रणेच्या नळ्यांसाठी तो आधीपासून वापरात होता. ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला दुसरा मिश्रधातू अधिक मजबूत असतो, पण त्याच्या पातळ नळ्या ओढणे अवघड असते. त्यामुळे चाकाचा आस जिथे बसतो त्या भागासारख्या सुट्या तुकड्यांसाठी तो जास्त वापरला जातो.

१९७० च्या दशकात अमेरिकेत टेलिडाइन कंपनीने ‘टायटन’ नावाची फ्रेम बाजारात आणली होती. तिच्या नळ्या मिश्रधातूच्या नव्हे, तर व्यापारी शुद्धतेच्या टायटॅनियमच्या होत्या. ही फ्रेम फार लवचीक असल्याची आणि काही फ्रेम तुटल्याची तक्रार पुढे कायम राहिली. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅसॅच्युसेट्समधील मर्लिन आणि टेनेसीमधील लाइटस्पीड या कंपन्या पुढे आल्या. विमानांच्या नळ्यांचा मिश्रधातू आणि थोड्या जाड व्यासाच्या नळ्या यांमुळे टायटॅनियम सायकलला आजचे रूप मिळाले. म्हणजे धातू टायटॅनियमच होता. फरक मिश्रधातूचा आणि रचनेचा होता.

मग हा धातू एवढा महाग का?

तो दुर्मीळ आहे म्हणून नव्हे. पृथ्वीच्या कवचातील मूलद्रव्यांमध्ये विपुलतेच्या दृष्टीने टायटॅनियम नवव्या क्रमांकावर आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत आढळणारे इल्मेनाइट हे टायटॅनियमचेच खनिज. केरळमधील चवरा येथेही अशीच वाळू आहे आणि तिथे टायटॅनियम स्पंज तयार करणारा सरकारी कंपनीचा प्रकल्प आहे. अडचण आहे ती खनिजापासून धातू वेगळा करण्यात. विल्हेल्म क्रोल यांनी विकसित केलेल्या पद्धतीत टायटॅनियम टेट्राक्लोराइडची मॅग्नेशियमशी उच्च तापमानाला अभिक्रिया घडवली जाते. हे काम अखंड चालणाऱ्या भट्टीत नव्हे, तर घाण्यागणिक होते आणि त्याला वेळ व ऊर्जा भरपूर लागते. पुढे नळ्या ओढणे, कापणे आणि जोडणे हेही पोलादापेक्षा कष्टाचे असते.

गंजच येत नाही, तर फ्रेम खराब कशी होते?

हवेशी संपर्क येताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा तयार होतो. त्यामुळे मुंबईचा पावसाळा, कोकणची खारी हवा किंवा सायकलस्वाराचा घाम यांनी ही फ्रेम गंजत नाही. पोलादी फ्रेम आतून गंजून पोखरली जाते, तो धोका इथे नाही.

पण फ्रेम संपण्याचे गंज हे एकच कारण नाही. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण म्हणजे धातूचा थकवा, ज्याला अभियांत्रिकीत ‘फटीग’ म्हणतात. एका झटक्यात तुटणार नाही इतकाच भार धातूवर लाखो वेळा दिला आणि काढला, तर एखाद्या कमजोर जागी केसासारखी चीर पडते. ती हळूहळू वाढते. उरलेल्या धातूला भार पेलवेनासा झाला की भाग तुटतो.

सायकलवर असे किती वेळा होते, याचा साधा हिशेब करता येतो. मिनिटाला ८० वेळा पेडल फिरवणारा सायकलस्वार चार तासांत १९ हजार २०० फेरे मारतो. प्रत्येक फेऱ्यात दोन्ही पाय एकेकदा दाबले जातात. म्हणजे रविवारच्या एका लांब राइडमध्ये फ्रेमला ३८ हजारांहून अधिक वेळा पीळ बसतो. वर्षात अशा ५० राइड झाल्या, तर हा आकडा १९ लाखांवर जातो. खड्ड्यांचे धक्के त्यात धरलेलेच नाहीत.

या बाबतीत टायटॅनियम इतरांपेक्षा वेगळे आहे का?

काही प्रमाणात, हो. पोलाद आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूंना एक ‘थकवा मर्यादा’ असते. ताण त्या मर्यादेच्या खाली राहिला, तर कितीही वेळा भार दिला तरी व्यवहारात चीर पडत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नसते. ताण कमी असला तरी त्याचे आयुष्य कधी ना कधी संपते. ‘टायटॅनियम आयुष्यभर टिकते’ या समजाचे मूळ इथे आहे.

मात्र ही मर्यादा प्रयोगशाळेत गुळगुळीत, निर्दोष नमुन्यावर मोजलेली असते. सायकलच्या फ्रेममध्ये वेल्ड असतात, बाटलीच्या स्टँडसाठी पाडलेली भोके असतात, सीटची नळी आवळण्यासाठी दिलेली चीर असते. अशा ठिकाणी ताण एकवटतो आणि आजूबाजूच्या नळीपेक्षा कितीतरी जास्त होतो. नळी मर्यादेच्या आत असते, पण जोड मर्यादेबाहेर जातो. त्यामुळे फ्रेमचे आयुष्य ठरते ते तिच्या सर्वांत कमजोर जोडावरून.

याच ओघात एक गैरसमजही दूर करायला हवा. जुनी फ्रेम ‘मऊ पडते’, असे अनेक जण म्हणतात. वापराने धातूची लवचीकता बदलत नाही. जुनी फ्रेम अचानक जास्त वाकू लागली असेल, तर धातू थकून मऊ झालेला नसतो. कुठेतरी चीर पडलेली असू शकते किंवा एखादा सुटा भाग ढिला झालेला असतो.

वेल्डिंगला एवढे महत्त्व का?

साध्या तापमानाला शांत असलेले टायटॅनियम तापले की हवेतील ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन शोषून घेऊ लागते. असे झाले की जोड ठिसूळ होतो. म्हणून वेल्डिंग सुरू असताना आणि त्यानंतर जोड पुरेसा थंड होईपर्यंत तिथे आर्गॉन वायूचे आवरण ठेवावे लागते. तेही नळीच्या बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून. नळ्या आधी नीट स्वच्छ कराव्या लागतात. बोटांचा तेलकटपणाही चालत नाही.

चांगल्या जोडाचा रंग लख्ख चंदेरी असतो. फिकट गवती छटा बहुधा चालून जाते. निळा-जांभळा रंग धोक्याची सूचना देतो, तर करडी किंवा पांढरी भुकटीसारखी साय दिसली तर जोड बिघडलेला समजावा. अर्थात वरून घासून-पुसून रंग घालवता येतो आणि नळीच्या आतला भाग ग्राहकाला दिसत नाही. त्यामुळे फ्रेमच्या किमतीत धातूइतकाच वेल्डरच्या हातचा वाटा असतो.

चाचण्या काय सांगतात?

‘टूर’ या जर्मन नियतकालिकाने १९९७ मध्ये ईएफबीई या प्रयोगशाळेच्या मदतीने उंची दर्जाच्या १२ फ्रेमची थकवा चाचणी केली होती. त्यात पोलाद, ॲल्युमिनियम, टायटॅनियम आणि कार्बन अशा सगळ्या फ्रेम होत्या. शेवटपर्यंत टिकल्या त्या फक्त तीन : दोन ॲल्युमिनियमच्या आणि एक कार्बनची. ज्या धातूंना थकवा मर्यादा असते असे पुस्तकात शिकवले जाते, त्या पोलाद आणि टायटॅनियमच्या फ्रेम आधी तुटल्या. कारण ॲल्युमिनियमला मर्यादा नसते हे माहीत असल्याने त्या फ्रेमच्या रचनाकारांनी नळ्या जाड व्यासाच्या घेतल्या होत्या आणि ताण मुळातच कमी ठेवला होता.

यावरून टायटॅनियम वाईट ठरत नाही. चाचणीतील भार रोजच्या वापरापेक्षा बराच जड असतो आणि एकेका नमुन्यावरून साऱ्या धातूचा निकाल लावता येत नाही. पण नुसत्या धातूच्या नावावर टिकाऊपणा ठरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

आज सायकलींसाठी आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यातील एका चाचणीत रेसिंग सायकलच्या फ्रेमवर डाव्या-उजव्या पेडलच्या बाजूने आळीपाळीने ११०० न्यूटन, म्हणजे सुमारे ११२ किलो वजनाइतका भार एक लाख वेळा दिला जातो. माउंटन बाइकसाठी तो १२०० न्यूटन असतो. सपाट रस्त्यावर संथ चालवताना पेडलवर याच्या एका लहान अंशाइतकाच जोर पडतो. ताण निम्मा झाला की आयुष्य दुप्पट नव्हे, तर त्याहून कितीतरी पटींनी वाढते. म्हणून चाचणीत उतरलेली फ्रेम रस्त्यावर अनेक वर्षे चालते.

फ्रेम नेमकी कुठे तुटते?

सीटच्या नळीचे वरचे टोक ही पहिली जागा. सीटपोस्ट पुरेसा आत नसेल, तर स्वाराचे सगळे वजन नळीच्या टोकावर पहारीसारखे काम करते. सीटपोस्टवरची किमान खोलीची खूण नळीच्या बाहेर दिसता कामा नये आणि पोस्टचे खालचे टोक आडव्या नळीच्या जोडाच्या खालपर्यंत पोहोचलेले असावे. त्यानंतर बॉटम ब्रॅकेटभोवतीचे जोड, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या चेनस्टे, हँडलखालच्या नळीचे जोड आणि डिस्क ब्रेकची बैठक या जागा येतात.

दुसरा धोका सुट्या भागांचा. टायटॅनियम स्वतः गंजत नसले, तरी त्याला चिकटून बसलेले ॲल्युमिनियम ओलावा आणि मीठ मिळताच झपाट्याने गंजते. ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट वर्षानुवर्षे न काढता ठेवला, तर तो फ्रेममध्ये असा अडकतो की कापून काढावा लागतो. त्या झटापटीत चांगली फ्रेम वाया जाऊ शकते. उपाय साधा आहे. सांध्यांवर आणि आट्यांवर अँटी-सीझ ग्रीस लावायचे आणि ठरावीक काळाने, विशेषतः पावसाळ्यानंतर, सीटपोस्ट काढून पुसून पुन्हा बसवायचा. पोस्ट कार्बनचा असेल तर त्यासाठी मिळणारी वेगळी पेस्ट वापरायची.

‘लाइफटाइम वॉरंटी’ म्हणजे कोणाचे आयुष्य?

अनेक कंपन्यांची ही हमी पहिल्या मालकापुरती असते आणि ती धातूच्या किंवा कारागिरीच्या दोषापुरती असते. अपघात, चुकीची जोडणी, नेहमीची झीज या गोष्टी त्यात बहुधा येत नाहीत. म्हणजे जुनी फ्रेम घेणाऱ्याच्या हाती ही हमी सहसा येतच नाही. तडा गेलेली फ्रेम दुरुस्त होऊ शकते, पण ती गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात नेऊ नये. आर्गॉनचे पूर्ण आवरण नसताना मारलेला टाका वरून मजबूत दिसतो आणि आतून ठिसूळ असतो. घाट उतरताना तो सुटला, तर वाचलेल्या पैशांना काही अर्थ उरत नाही.

आणखी एक आयुष्य असते, सुट्या भागांचे. १९९० च्या दशकातील टायटॅनियमची माउंटन बाइक २६ इंची चाकांसाठी बनलेली असते, तर त्या काळची रोड फ्रेम रिम ब्रेक आणि १३० मिलिमीटरच्या मागच्या हबसाठी. आजच्या डिस्क ब्रेकची चाके तिच्यात बसत नाहीत. धातू ठणठणीत असतो, पण त्याला साजेसे नवे भाग मिळणे कठीण होत जाते.

जुनी फ्रेम घेताना काय तपासावे?

फ्रेम आधी स्वच्छ धुऊन घ्यावी. टायटॅनियमच्या बऱ्याच फ्रेमना रंग नसतो, त्यामुळे चीर लपून राहत नाही. प्रत्येक जोडाभोवती बॅटरीच्या तिरप्या उजेडात पाहावे आणि नख फिरवावे. पुसल्यावरही त्याच जागी बारीक काळी रेघ पुन्हा दिसली, तर ती मळाची नाही असे समजावे. सीटपोस्ट हलतो का, हे करारापूर्वीच पाहावे. शंका असल्यास चिरेत शिरणाऱ्या रंगद्रव्याची चाचणी करून घ्यावी. टायटॅनियमला चुंबक धरत नसल्याने पोलादासाठीची चुंबकीय चाचणी इथे चालत नाही.

चालवताना करकर आवाज येऊ लागला, तर बहुतेक वेळा दोष सीटपोस्ट किंवा बॉटम ब्रॅकेटचा असतो. पण दोन्ही साफ करून, ग्रीस लावून बसवल्यावरही तो आवाज राहिला, तर त्या दिवसापासून सायकल बाजूला ठेवून फ्रेमचे जोड तपासावेत. फटीगची चीर सहसा एका दिवसात वाढत नाही. ती पाहण्यासाठी सायकलस्वाराला बहुधा पुरेसा वेळ मिळतो. अट एवढीच, की फ्रेम ‘आयुष्यभराची’ आहे या भरवशावर त्याने पाहणेच सोडून देऊ नये.