उत्तराचा घाट

‘समजा, ती संख्या क्ष मानू’ हे आपण शाळेतच शिकतो. पण तिथे अज्ञाताला फक्त नाव दिलेलं असतं. जर्मन भाषेतून विज्ञानात आलेला ‘आन्झात्स’ याच्या पुढे जातो: उत्तराचा घाटच आधी मानायचा, त्यातले आकडे मोकळे ठेवायचे. शब्दाच्या मुळाशी टेकवणं, लावणं, सुरुवात करणं असे अर्थ आहेत. ट्रम्पेट वाजवणारा ओठ कसे लावतो, त्यालाही जर्मनमध्ये आन्झात्सच म्हणतात.

स्प्रिंगला टांगलेलं वजन पाहा. त्याचं त्वरण विस्थापनाच्या पटीत आणि उलट दिशेला असतं. दोनदा विकलन करूनही आपला आकार न सोडणारं काय? साइन वक्र. तो मांडायचा, वारंवारिता किती, हे समीकरण स्वतःच सांगतं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं इष्टकर्म इथे आठवतं. तिथे मनाला येईल तो आकडा धरून शेवटी प्रमाणाने दुरुस्त करता येतो. आन्झात्सचा घाट मात्र जाणतेपणानेच निवडावा लागतो.

मला यातला सर्वांत देखणा वाटतो तो भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेटे यांचा. १९३१ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी एका ओळीतल्या अणूंच्या चुंबकत्वाचा प्रश्न घेतला. प्रत्येक अणूचा स्पिन वर किंवा खाली. अणू फक्त २० आणि त्यांतले १० उलटे धरले, तरी १,८४,७५६ मांडण्या होतात. साखळीच्या एकूण अवस्थेत प्रत्येकीचा वाटा शोधायचा. बेटे यांनी मानलं, की उलटा स्पिन साखळीतून लाटेसारखा सरकतो, दोन लाटा भेटल्या की संवेगांची अदलाबदल करतात, आणि लाटा कितीही असोत, सगळा व्यवहार अशा दोघादोघांच्या भेटींतूनच होतो. हे शेवटचं मानणं धाडसाचं. तिघी एकदम भेटल्या तर काही वेगळंच घडेल, ही शंका रास्त होती. पण समीकरणात घातल्यावर सगळं तंतोतंत जुळलं. पावणेदोन लाखांहून अधिक अज्ञातांच्या जागी १० संवेग आणि त्यांची १० समीकरणं उरली!

१९६० च्या दशकात एलियट लीब आणि यांग चेन-निंग या भौतिकशास्त्रज्ञांनी हाच घाट एका रेषेतल्या वायूंना आणि इलेक्ट्रॉनांना लावला.

बेटे यांनी निबंधाच्या अखेरीस त्रिमितीय स्फटिकांचं गणित पुढच्या निबंधात करण्याचं आश्वासन दिलं होतं. तो निबंध आलाच नाही. रेषेवर आदळलेल्या लाटांपुढे अदलाबदल एवढाच मार्ग असतो. अवकाशात त्या कोणत्याही दिशेला फुटू शकतात.